माजाँगच्या सोंगट्या वाचायच्या तर आधी पैसे मोजा

माजाँग या चिनी खेळाच्या सोंगट्यांची पेटी टेबलावर पालथी केली की पहिल्यांदा धडकीच भरते. १४४ सोंगट्या, त्यांतल्या कितीतरी चिनी अक्षरांच्या. मी हाँगकाँगला लेकीकडे राहायला आले आणि शेजारच्या पोपोंनी (इथे म्हाताऱ्या बाईला असंच म्हणतात) मला खेळायला बसवलं, तेव्हा माझीही तीच गत झाली. पण बँकेत कॅशच्या खिडकीत जन्म गेलेला. पोपोंनी तीन सोंगट्या पुढ्यात ठेवून बोटांनी पैसे मोजल्यासारखं केलं आणि माझी ट्यूब पेटली.

तुम्हीही तिथूनच सुरू करा. वर्तुळांच्या सोंगट्या वेगळ्या काढा. ही नाणी. मग हिरव्या काड्यांच्या काढा. इंग्रजीत त्यांना बांबू म्हणतात, ते डोक्यातून काढून टाका. कँटनीज (हाँगकाँगची भाषा) नाव ‘सोक’, म्हणजे दोर. जुन्या चिनी नाण्याला मधोमध चौकोनी भोक असे, त्यातून दोर ओवून माळ करत. काडी म्हणजे ती माळ. (आपल्याकडे १९४३ साली भोकाचा पैसा निघाला होता. आईच्या शिवणाच्या डब्यात एक होता, पण त्याचं भोक गोल.) उरली लाल अक्षराची रांग. ते अक्षर ‘मान’, म्हणजे दहा हजार. जसा आपला लाख, तसा त्यांचा मान हा मोजणीतला टप्पाच आहे. म्हणजे नाणं, नाण्यांची माळ, दहा हजार. प्रत्येकात एक ते नऊ, प्रत्येकाच्या चार प्रती. १०८ सोंगट्या इथेच संपल्या.

मानच्या रांगेतला पाच जरा जवळ धरून बघा. बहुतेक संचांत तिथे पाचचं साधं अक्षर नसतं, डाव्या अंगाला माणसाची खूण जोडलेलं मोठं अक्षर असतं. हिशेबात कुणी खाडाखोड करू नये म्हणून वापरायचे ते हे आकडे, आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहितो त्याच जातीचे. हे कळलं तेव्हा मला पोपोंपेक्षा जास्त आनंद झाला.

आता एक सापळा. एक सोकवर काडी नसते, पक्षी असतो. बऱ्याचदा मोरासारखा नटवलेला. मी तो फुलांची सोंगटी समजून बाजूला ठेवत होते, चार डाव तसेच गेले. खेळाचं कँटनीज नाव ‘माचोक’, म्हणजे चिमणी. त्यामुळे पोपोंसाठी तो पक्षी चिमणीच, पिसारा कितीही असो.

वाऱ्यांच्या १६ सोंगट्या सोप्या: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. फक्त नकाशा विसरा. पाळी घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून पूर्वेच्या जागी बसलेल्याच्या उजव्या हाताला दक्षिणेचा खेळाडू बसतो.

मग लाल, हिरवी आणि पांढरी. त्यांना ‘ड्रॅगन’ म्हणणं ही पाश्चात्त्यांची देणगी, पोपोंना तो शब्दच माहीत नव्हता. लाल ‘चुंग’ म्हणजे मध्य. तेच अक्षर जरा वेगळ्या सुरात उच्चारलं की ‘नेम लागणे’. चौकट आणि तिच्यातून आरपार गेलेली रेघ, चित्रच तसं आहे. राजदरबारी नोकरीची परीक्षा पास होण्यालाही हाच शब्द. ती परीक्षा १९०५ साली बंद झाली, सोंगटी राहिली. हिरवं ‘फात’ म्हणजे भरभराट. नववर्षाला लोक एकमेकांना जे ‘फात छोय’ म्हणतात, त्यातलं. इथे आठ आकडा लाडका, तोही ‘पात’ हा उच्चार फातला जवळचा म्हणून. पांढरी म्हणजे कोरी पाटी. काही संचांत नुसती निळी चौकट असते.

शेवटच्या आठ सोंगट्या म्हणजे चार ऋतू आणि चार फुलझाडं: प्लम, ऑर्किड, शेवंती, बांबू. चिनी चित्रकलेत या चार झाडांना चार सज्जन म्हणतात. प्लम थंडीतच फुलतो, बांबू वाकतो पण मोडत नाही. सज्जनाने कसं असावं ते झाडांकडून शिकायचं. आकडा बघायला विसरू नका. पूर्वेला बसलात तर एक नंबरचं फूल तुमचं, दक्षिणेला दोनचं. आपल्या नंबरचं आलं तर गुण वाढतात.

टेबलाशी जाताना पुस्तक नेऊ नका. मी नियम लिहिलेली वही घेऊन गेले, तर पोपोंनी ती उचलून थेट स्वयंपाकघरात ठेवली. पुस्तक आणि हरणे, कँटनीजमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, ‘श्यू’.

चारपाच दिवस झाले की डोळे मिटून अंगठ्याने वाचायचा सराव करा. मुरलेले खेळाडू सोंगटी उलटीच ठेवून खालून अंगठा फिरवतात आणि बघण्याआधीच टाकून देतात. कोरी पांढरी पहिल्याच दिवशी ओळखता येते. एक नाणंही येतं, एकच मोठं गोल कोरलेलं असतं. मी सध्या सात आणि आठ सोकवर अडकले आहे.