युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकावर रहस्यकथा लिहिताना

अशा कथेची सुरुवात ‘हे हाड कोणाचे’ या प्रश्नाने न करता ‘ते कोणाकोणाचे असू शकत नाही’ या प्रश्नाने करावी, कारण प्रयोगशाळेतील काम बरेचसे नावे गाळण्याचेच असते.

नमुना म्हणून मायकेल ब्लासी या अमेरिकी वैमानिकाचे प्रकरण बारकाईने अभ्यासावे. ११ मे १९७२ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील अन लॉकजवळ त्याचे विमान पाडले गेले. काही महिन्यांनी चार बरगड्या, उजव्या दंडाचे हाड आणि कटिभागाचा तुकडा एवढेच अवशेष हाती आले. सोबत सापडलेले ओळखपत्र मात्र पुढे गहाळ झाले. हाडांवरून बांधलेले वय-उंचीचे अंदाज आणि रक्तगट जुळत नाहीत, या कारणाने १९८० मध्ये अवशेषांवरील त्याचे नाव काढण्यात आले आणि १९८४ मध्ये त्यांना आर्लिंग्टन या अमेरिकेच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत अज्ञात सैनिक म्हणून पुरण्यात आले. १९९८ मध्ये थडगे उघडून मायटोकॉन्ड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून मुलांत येणारा डीएनए, तपासला, तेव्हा ते अवशेष ब्लासीचेच ठरले.

येथे खलनायकाची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते हेच या विषयाचे बळ आहे. म्हणून आपल्या तज्ज्ञ पात्राला एकच नेमकी उंची सांगायला लावू नये. त्याने कमाल-किमान मर्यादा सांगावी आणि कोणीतरी ती मर्यादाच पुरावा मानून बसावे.

हा डीएनए आईकडून कसा उतरतो, हे तर कथानक रचण्यापूर्वीच समजून घ्यावे. मायटोकॉन्ड्रियल तपासणीत मृताच्या सख्ख्या मुलाचा नमुना निरुपयोगी ठरतो, पण बहिणीचा मुलगा चालतो. म्हणजे ज्या मामाला कधी पाहिलेही नाही त्याची ओळख भाचा पटवू शकतो, आणि आयुष्यभर वाट पाहणारा मुलगा शेजारी नुसता बसून राहतो. हा प्रसंग घाईने उरकू नये. हाच डीएनए आईकडील अनेक नातलगांत सारखा असतो, त्यामुळे तो जुळल्यावरही विमानाचे अवशेष, जागा आणि कागदपत्रे यांची साथ दाखवावी लागते.

डीएनए मिळतच नसेल, तर जुने एक्स-रे कामी येतात. कोरियन युद्धातील कित्येक अमेरिकी सैनिकांची ओळख क्षयाच्या तपासणीसाठी काढलेल्या छातीच्या चित्रांतील कॉलरबोनच्या आकारावरून पटली आहे. तेव्हा कथेतील एक्स-रेचे पाकीट कोणत्या कपाटात, कोणाच्या नजरेआड पडून आहे, हे पहिल्या प्रकरणातच ठरवून ठेवावे.