पुन्हा आत जायचं नसेल तर: सुटकेनंतरचं पहिलं वर्ष

शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस पुन्हा तुरुंगात जातो, तेव्हा त्याने बसून नव्या गुन्ह्याचा बेत आखलेला असतो असं फार कमी वेळा होतं. हजेरीची तारीख चुकते. दंडाचा हप्ता थकतो. झोपायला जागा नाही म्हणून जुन्या साथीदाराकडे चार दिवस काढले जातात आणि पाचव्या दिवशी तो म्हणतो, एवढी पिशवी पोचवून ये. सुधारायचा निश्चय खराच असतो. पण निश्चयाच्या जोरावर तारीख लक्षात राहत नाही, की रात्रीची सोय होत नाही. म्हणून खाली लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी किरकोळ वाटतील. माणसं अडकतात ती तिथेच.

सुटण्याच्या तीन महिने आधी

पहिला प्रश्न हा विचारा: माझ्या नावावर आणखी कुठे केस, वॉरंट किंवा न भरलेला दंड आहे का? हे वकिलाकडून किंवा तुरुंगातल्या कायदेशीर मदतीच्या माणसाकडून लेखी काढून घ्या. एका केसमध्ये सुटलेल्या माणसाला दुसऱ्या जुन्या केससाठी दारातच ताब्यात घेतलं जातं, आणि घरच्यांची सगळी तयारी तिथेच कोसळते.

सुटकेचा कागद हातात येईल तेव्हा सही करण्याआधी वाचा. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, कलमं, शिक्षेचा काळ आणि सुटकेची तारीख. नावातलं एक अक्षर चुकलं तरी पुढे ओळखपत्र आणि बँकखातं दोन्ही अडतात, आणि बाहेर आल्यावर ती दुरुस्ती करायला महिने जातात. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, पाच प्रती काढा, एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे द्या. बाकीच्या कागदांचा क्रम असा धरा: आधी जन्माचा किंवा शाळेचा दाखला, त्यावरून ओळखपत्र, त्यावरून बँकखातं आणि फोन. क्रम उलटा केला की प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात.

औषधं चालू असतील तर निदान दोन आठवड्यांचा साठा, डॉक्टरची चिठ्ठी आणि तपासण्यांचे कागद मागून घ्या. हे मागताना ओशाळायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांतला 108वा नियम सांगतो की, सुटणाऱ्या माणसाला शक्य तितकी ओळखीची कागदपत्रं, राहायला जागा आणि काम, हवामानाला साजेसे कपडे आणि मुक्कामी पोचण्यापुरती साधनं मिळायला हवीत. प्रत्यक्षात किती मिळतं हा वेगळा प्रश्न, पण मागणी रास्त आहे.

पहिले चौदा दिवस

व्यसन असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यूचा धोका बाहेरच्या तशाच लोकांच्या 12.7 पट निघाला, आणि सर्वांत मोठं कारण होतं अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. कारण सरळ आहे. आत असताना शरीराची सवय मोडते, डोक्यात मात्र जुनंच प्रमाण असतं. पूर्वी जे अंगात मुरायचं ते आता श्वास थांबवतं. अफूवर्गीय व्यसनासाठी आत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल, तर सुटण्याआधीच बाहेरच्या दवाखान्याची वेळ घ्या, मध्ये एकही दिवस रिकामा जाऊ देऊ नका. घरच्यांनी नॅलोक्सोन, म्हणजे अतिरेकी डोसचा परिणाम उतरवणारं औषध, कुठे मिळतं आणि कसं द्यायचं हे आधीच शिकून ठेवावं. ते अफूवर्गीय पदार्थांवरच चालतं आणि त्याचा परिणाम काही वेळाने उतरतो, म्हणून दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवायचीच. दारूचंही तेच: पूर्वीचा हिशेब लावू नका.

शरीर आतल्या वेळापत्रकावरच चालत राहतं. गणतीच्या वेळेला जाग येते, जेवण पाच मिनिटांत संपतं, बंद दारापुढे माणूस नकळत उभा राहतो, कुणीतरी उघडेल म्हणून. गर्दीत कुणी मागून आलं की अंग ताठ होतं. यात वेड लागल्याचं काही नाही, आणि बहुतेकांचं हे हळूहळू कमी होतं. घरच्यांनी त्यावर हसू नये. या दोन आठवड्यांत हप्त्यावर काही घेऊ नका, कुणाला जामीन राहू नका, भागीदारीवर सही करू नका.

अटी आणि हजेरी

सुटका अटींवर असेल तर सगळ्या अटी लेखी घ्या आणि न समजलेला प्रत्येक शब्द विचारा: कुठे जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, रात्री किती वाजता घरात असायचं, हद्द कोणती, दारू चालते का, फोन आणि इंटरनेटवर बंधन आहे का. मग एक साधी वही करा. प्रत्येक हजेरीची तारीख, पोचल्याची वेळ, कुणाला भेटलात, काय ठरलं, पुढची तारीख. ही वही रोज खिशात असावी, कारण वर्षभराने प्रश्न निघाला तर तीच तुमच्या बाजूने बोलते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो नवीन काम लागल्यावर. पाळी आणि हजेरी एकाच वेळी येतात. मालकाला सांगायची लाज वाटते, ज्याच्याकडे हजेरी लावायची त्या देखरेख अधिकाऱ्याला सांगायची भीती वाटते, आणि माणूस दोघांनाही न सांगता हजेरी बुडवतो. वेळ बदलून मागा, लेखी मागा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी दिलेली परवानगी अधिकारी बदलला की संपली. पोचता येणार नसेल तर वेळ टळण्याआधी कळवा. आधी केलेला फोन अडचण ठरतो, नंतरचा फोन सबब ठरतो.

दंड, नुकसानभरपाई, मुलांची पोटगी, यांचंही तसंच. अजिबात न भरणाऱ्यापेक्षा थोडे का होईना दरमहा भरणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. पहिल्याच महिन्यात हप्ते बांधून मागा आणि प्रत्येक पावती जपा.

"एक छोटंसं काम आहे"

जुनी संगत तुम्हाला परत ओढताना कधी मोठं काम सांगत नाही. पाकीट पोचव. गाडीत नुसता बसून राहा. तुझ्या नावावर एक सिमकार्ड काढ. तुझ्या खात्यात पैसे येतील, दहा टक्के ठेव, बाकीचे काढून दे. ही वस्तू एक रात्र तुझ्याकडे राहू दे. या पाचांतली दोन, सिमकार्ड आणि बँकखातं, हल्ली फार चालतात, आणि त्यांतच सर्वांत पक्का पुरावा तयार होतो, कारण कागदावर नाव तुमचं असतं. पैसा कुठून आला ते ठाऊक नव्हतं, हे आधी शिक्षा झालेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही.

नकार द्यायचा तो एका वाक्यात, आणि दरवेळी तेच वाक्य. "माझ्यावर नजर आहे, मी यात आलो तर तुम्हीच सापडाल." हे वाक्य चालतं, कारण त्यात समोरच्याचा अपमान नाही, उपदेश नाही, आणि तुम्ही त्यांच्या उपयोगाचे राहिला नाहीत हे त्यात येतं. खूप कारणं दिलीत की समोरचा एकेक कारण खोडून काढतो. "विचार करून सांगतो" हे तर म्हणूच नका, त्याचा अर्थ होकार असाच घेतला जातो.

नवा नंबर घेतलात तर जुन्या फोनमधली यादी जशीच्या तशी उतरवू नका. लागतील तेवढेच नंबर हाताने टाका. रस्ता बदलता येत नसेल तर वेळ बदला: ज्या नाक्यावर रात्री नऊला जुनी मंडळी बसतात तो सकाळी नऊला साधा नाका असतो. लग्नात, मयताला जावंच लागतं, तेव्हा घरच्या माणसाबरोबर जा आणि त्याच्याबरोबरच परता. आणि या मंडळींकडून उसने पैसे, जेवण, कपडे, राहायला जागा, काहीही घेऊ नका. परतफेड पैशात मागितली जात नाही. धमकी आली तर निरोप पुसू नका, वेळ लिहून ठेवा आणि त्याच दिवशी वकिलाला आणि देखरेख अधिकाऱ्याला सांगा. उशिरा सांगितलं तर तुम्हीही त्यात होतात असा संशय येतो.

काम मिळवणं

इथे मन घट्ट करा. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले आणि त्यांचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. गोऱ्या उमेदवारांना शिक्षेची नोंद नसताना 34 टक्के ठिकाणांहून उलट बोलावणं आलं, नोंद असताना 17 टक्के. काळ्या उमेदवारांचं 14 वरून 5 वर आलं. म्हणजे लायकी तीच असून दुप्पट, तिप्पट दारं ठोठवावी लागतात. हा अन्याय आहे, आणि तो तुमच्या नालायकीचा पुरावा नाही. दहा नकारांनंतर थांबलात तर हिशेबच पुरा होत नाही.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट वकिलाकडून नक्की करून घ्या: तुमच्या इथे तुमच्या गुन्ह्याची माहिती कुठल्या कामासाठी द्यावीच लागते, आणि कधीपर्यंत. ब्रिटनमध्ये 1974 च्या कायद्याने ठरावीक काळानंतर बऱ्याच शिक्षा सांगण्याचं बंधन उठतं. अमेरिकेत हवाईने 1998 मध्ये मालकांना हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायला मनाई केली आणि मग इतर राज्यं त्या वाटेने गेली. जिथे विचारलं आहे तिथे खोटं लिहू नका. दोन वर्षं चांगलं काम केल्यावर तो खोटेपणा उघड झाला, तर नोकरी गुन्ह्यामुळे नाही, लपवल्यामुळे जाते, आणि पुढच्या ठिकाणी कुणी नाव सुचवत नाही. न विचारता पहिल्या मिनिटाला सगळं ओतूही नका. मालकाने तुमचं काम पाहिलं, बोलणं झालं, नेमणूक ठरत आली, की तुम्ही होऊन सांगा.

उत्तर एका मिनिटात संपलं पाहिजे. साधारण असं: "2019 मध्ये मला घरफोडीसाठी शिक्षा झाली, ती मी पूर्ण भोगली. चूक माझी होती. आत मी तीन वर्षं सुतारकाम केलं, त्याचा दाखला सोबत आहे. सुटल्यापासून माझी एकही हजेरी चुकलेली नाही, हवं तर माझ्या अधिकाऱ्याशी बोला." मग थांबा. समोर शांतता पसरली की माणूस घाबरून आणखी बोलतो, आणि तिथेच घसरतो. "मला अडकवलं" म्हणू नका, खरं असलं तरी. मुलाखत ही त्याची जागा नाही. गुन्ह्याचं नाव न घेता नुसतं "एक चूक झाली" म्हटलंत तर ऐकणारा त्याहून भयंकर काहीतरी धरून चालतो. हे उत्तर कुणासमोर तरी मोठ्याने म्हणून पाहा, आवाज कापायचा थांबेपर्यंत.

लहान धंदे आधी धरा, जिथे मालक स्वतः माणूस पाहून ठरवतो. मोठ्या ठिकाणी पार्श्वभूमी तपासणारा वेगळा असतो आणि त्याला नकार देणं सोपं असतं. आतली कामं, मग ती बेकरीची असोत, विणकामाची असोत की छपाईची, अर्जात काम म्हणूनच लिहा, वर्षांसकट.

काम लागल्यावरची काळजी कुणी सांगत नाही. कुठे काही हरवलं की पहिला संशय तुमच्यावर येणार. म्हणून गल्ल्याजवळ एकटं थांबू नका, किल्ल्या ठेवायची जबाबदारी पहिलं वर्ष नम्रपणे टाळा, माल घेताना आणि देताना दुसऱ्यासमोर मोजा आणि सही घ्या, शेवटी निघायची वेळ आली तर कुणाला तरी सोबत ठेवून निघा.

घर

तुम्ही नसताना घर चाललं. निर्णय कुणीतरी घेतले, मुलं कुणीतरी वाढवली. आल्याआल्या कर्तेपणा परत मागितलात की भांडण ठरलेलं. एक रोजचं काम अंगावर घ्या, मुलांना शाळेत सोडणं किंवा पाणी भरणं, आणि ते चुकवू नका. मुलांना मोठी वचनं देऊ नका. ज्यांचं तुमच्यामुळे नुकसान झालं त्यांच्या दारात माफी मागायला स्वतःहून जाऊ नका. तुमचं मन हलकं होईल, त्यांची झोप उडेल, आणि अटीत बंदी असेल तर तो भंगही ठरेल. मध्यस्थीची अधिकृत व्यवस्था असेल तर तिथून विचारणा करा.

पाय घसरलाच तर

एकदा प्यायलात, एक हजेरी बुडाली, एका रात्री जुन्या अड्ड्यावर जाऊन बसलात. यापेक्षा घातक असतो त्यानंतरचा विचार: आता गेलंच सगळं, मग कशाला सांभाळायचं. तिथून लगेच निघा, एका माणसाला फोन करा, जेवा, झोपा, सकाळी वकिलाला विचारून अधिकाऱ्याला स्वतः सांगा. हा एक माणूस कोण, ते आजच ठरवा आणि त्यालाही सांगून ठेवा.

कागदांची फाइल

अमेरिकेतले गुन्हेशास्त्राचे अभ्यासक ब्लमस्टीन आणि नाकामुरा यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या 1980 च्या अटकेच्या नोंदी तपासून 2009 मध्ये दाखवलं की, 18व्या वर्षी पहिल्यांदा घरफोडीत पकडलेला माणूस पुढे स्वच्छ राहिला तर सुमारे 3.8 वर्षांनी, आणि जबरी चोरीत पकडलेला सुमारे 7.7 वर्षांनी, त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकाच धोक्याचा उरतो. अनेक देशांत काही वर्षांनी जुनी नोंद पुसून किंवा झाकून घेण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी पगाराच्या चिठ्ठ्या, भाड्याच्या पावत्या, हजेरी पूर्ण झाल्याचं पत्र, उपचार संपल्याचा दाखला, मालकाचं पत्र, सगळं वर्षवार लावत जा. दंड पूर्ण भरल्याचा पुरावा नसला तरी असे अर्ज अडतात. पावती हरवली असेल तर प्रमाणित प्रत न्यायालयाच्या कार्यालयातून आत्ताच मागून ठेवा. वर्षं लोटली की जुनं दप्तर शोधून काढायला फार वेळ लागतो.