वाईट पिक्चर नीट कसा बघायचा

आधी एक क्लिअर करू. वाईट पिक्चर म्हणजे कुठलाही वाईट पिक्चर नाही. पाण्यासारखा पैसा ओतून परदेशात शूट केलेला आणि तरी दीड तास घड्याळ बघायला लावणारा जो असतो तो नुसता कंटाळवाणा, त्याच्यावर शनिवारची रात्र घालवू नका. आणि "बघा बघा, आम्ही मुद्दाम कसला चीप पिक्चर काढलाय" असं डोळा मारत सांगणारे पण नकोत, ते तर त्याहून पकाऊ. आपल्याला पाहिजे तो पिक्चर ज्याच्या डायरेक्टरला मनापासून वाटत होतं की आपण काहीतरी जबरदस्त करतोय, फक्त खिशात पैसे नव्हते, हिरोच्या डेट्स मोजून मिळालेल्या, भुताचा मुखवटा घामाने निघून येतोय, पण हौस दांडगी. हौस आणि बजेट यांच्यात जेवढं अंतर जास्त तेवढी मजा जास्त. हा एक निकष डोक्यात ठेवलात तरी निवडताना सहसा फसणार नाही.

आता सुरुवात कुठून करायची. नवख्या माणसाला डायरेक्ट मिथुनचा 'गुंडा' दाखवायचा नाही, त्याच्याबद्दल पुढे सांगतो. हा प्रकार खूप जण करतात आणि मग तो माणूस परत कधी आपल्या घरी पिक्चर बघायला येत नाही. सुरुवात 'सीआयडी'पासून करा. ते सगळ्यांनी लहानपणी जेवताना बघितलेलं असतं, घरात कोणासमोर लावायची लाज वाटत नाही, आणि स्टॉक तर संपतच नाही, जानेवारी १९९८ला सोनीवर सुरू झालेली सिरियल २०१८पर्यंत चालली, दीड हजारावर एपिसोड झाले आणि डिसेंबर २०२४ला परत आली.

बघताना खून कोणी केला याच्याकडे फार लक्ष देऊ नका, डॉ. साळुंखेंच्या लॅबकडे द्या. टेबलावर लाल, निळं, हिरवं पाणी भरलेल्या नळ्या आणि चंबू मांडलेले असतात, साळुंखे एका नळीत दोन थेंब टाकतात, नळी उजेडाकडे धरतात, रंग बदलतो, मग एसीपी प्रद्युम्नला एक टोमणा, एसीपींचा उलट टोमणा, आणि मग निकाल, की विष अमुक झाडाचं आहे आणि ते झाड फक्त तमुक ठिकाणी मिळतं. पुढच्या शॉटला गाड्या निघालेल्या. खऱ्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट यायला किती काळ जातो ते कोर्टाच्या तारखा भोगलेल्या कोणालाही विचारा, तो माणूस ही लॅब बघून हसणार नाही, हेवा करेल. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे झूम. संशयित काहीही बोलला, अगदी "मी घरीच होतो" एवढंच जरी बोलला, तरी टीममधल्या प्रत्येकाच्या तोंडावर एकेक झूम जातो, ढँण ढँण ढँण. आणि घरात पैज लावायची असेल तर माझा अनुभव घ्या, पहिल्या दहा मिनिटांत जो नोकर किंवा मॅनेजर पोलिसांना सगळ्यात जास्त मदत करतोय त्याच्यावर लावा.

पण हसायच्या आधी एक माहीत असू द्या. याच टीमने २००४ साली १११ मिनिटांचा एक अख्खा एपिसोड एकाच शॉटमध्ये घेतलाय, मध्ये कट नाही. सिरियल काढणारे बी. पी. सिंग मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन, त्यांनी त्याआधी मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती, एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम त्यातही होते आणि त्या काळात बँकेत नोकरीही करत होते. म्हणजे कॅमेरा कळत नाही म्हणून झूम मारतात असं नाही, आठवड्याला गोष्ट पाडायची असते आणि प्रेक्षक भाजी निवडत बघतोय हे माहीत असतं म्हणून मारतात. हे कळलं की झूम जास्त आवडायला लागतो, निदान मला तरी.

दुसरी पायरी रामसे, म्हणजे भुताचे पिक्चर काढणारं खानदान. सात भाऊ, वडील एफ. यू. रामसे, फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान, नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला. १९७०ला त्यांनी काढलेला एक पिक्चर पडला पण त्यात पृथ्वीराज कपूर भीतीदायक मुखवटा घालून चोरी करायला येतात त्या सीनला लोक जाम घाबरत होते, भावांनी ते बरोबर हेरलं आणि म्हणाले चला मग अख्खा पिक्चर तेवढाच काढू. म्हणून 'दो गज जमीन के नीचे', १९७२. अख्खं खटलं बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेलं, कॅमेरा गंगू, साउंड किरण, एडिटिंग अर्जुन, डायरेक्शन तुलसी आणि श्याम, सगळं घरातल्या घरात. आपण स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो तिथे ही मंडळी थडगी खणत होती.

रामसेंचा पहिला कुठला बघावा तर डोळे झाकून 'पुराना मंदिर', १९८४. सामरी नावाचा राक्षस, त्याचं मुंडकं एकीकडे पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं, राजघराण्याला शाप की बायका बाळंतपणात मरणार, आणि हे सगळं माहीत असून कॉलेजची पोरं हवेलीत राहायला जाणार. सामरी झालेला अजय अगरवाल इतका उंच की मेकअपची निम्मी गरज संपली. हा पिक्चर अंधारात बघा पण एक दिवा चालू असू द्या, कारण घाबरण्यापेक्षा लाईटिंग बघण्यात मजा आहे, एका भिंतीवर निळा, दुसऱ्यावर हिरवा, खिडकीतून लाल, आणि धूर कुठून येतोय हे विचारायचं नाही. आता पुढे मी सांगणार आहे की फास्ट फॉरवर्ड करायचं नाही, त्या नियमाला हा एकच अपवाद, कॉमेडी ट्रॅक. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप 'शोले'ची नक्कल करत मच्छरसिंग डाकू होतो, तो भाग मूळ गोष्टीला कुठे चिकटलाय ते मला आजतागायत कळलेलं नाही. तो भाग पळवा, नाहीतर चालू ठेवा आणि चहा टाकायला उठा, परत याल तोवर सामरी आलेला असतो.

नियमांचं बोलू. गाणी पळवायची नाहीत, कारण गाण्यातच कळतं की पैसे कधी संपले, एका कडव्यात बाग आणि दुसऱ्या कडव्यात त्याच बागेचं तेच झाड. फोन बाजूला. चार-पाच जण बास, आठ झाले की पिक्चर राहतो आणि गप्पा होतात. त्यात एक तरी माणूस असा हवा ज्याने तो पिक्चर बघितलेला नाही, कारण खरी करमणूक त्याच्या चेहऱ्यावर असते. आणि ज्याने आधी सात वेळा बघितलाय त्याने डायलॉग आधीच म्हणायचा नाही, हा ग्रुपमधला सगळ्यात धोकादायक प्राणी, त्याला भडंगाची परात द्या म्हणजे तोंड भरलेलं राहील. "अरे पण लॉजिक कुठंय" म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका. सारखी भंकसही नको, दर वाक्याला जोक मारला तर समोर काय चाललंय ते कळत नाही, आणि समोर जे चाललंय ते तुमच्या जोकपेक्षा कायम भारी असतं. ज्यांनी गणपतीत गल्लीत बांधलेल्या पडद्याच्या मागच्या बाजूला बसून उलटा पिक्चर बघितलाय, सगळे हिरो डावखुरे आणि टायटल आरशातली, त्यांना यातलं काही शिकवायची गरज नाही, त्यांची बैठक तयार आहे.

आता 'गुंडा'. १९९८, डायरेक्टर कांती शाह, हिरो मिथुन. व्हिलन मंडळी कॅमेऱ्याकडे बघत स्वतःचं नाव आणि स्वतःचे गुण यमकात सांगतात, आणि हे एकदा नाही, पिक्चरभर चालतं, अख्ख्या पिक्चरमध्ये साधं गद्य फार कमी लोक बोलतात. आणि ही माणसं कोण बघा. बुल्ला झालेला मुकेश ऋषी पुढच्याच वर्षी 'सरफरोश'मध्ये इन्स्पेक्टर सलीम होता, पोते झालेले मोहन जोशी आपल्या मराठी नाटकातले मातब्बर, इबू हटेला झालेले हरीश पटेल २०२१ला थेट मार्व्हलच्या 'इटर्नल्स'मध्ये दिसले. एवढी तयारीची माणसं आणि ती असलं यमक चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोलतायत, सगळा जीव त्यात आहे. एकाने जरी मधेच हसून दाखवलं असतं तरी पिक्चर तिथेच संपला असता.

मिथुनचं वेगळं सांगायला पाहिजे. १९७६च्या 'मृगया'ला राष्ट्रीय पुरस्कार घेतलेला माणूस, २०२४ला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि मधल्या नव्वदच्या दशकात उटीला स्वतःच्या हॉटेलात मुक्काम ठोकून धडाधड पिक्चर काढत होता. सिस्टिम अशी की प्रोड्यूसरने छोटं युनिट घेऊन उटीला यायचं, तिथेच राहायचं, आसपासच शूट करायचं आणि कमी दिवसांत, कमी पैशांत पिक्चर घेऊन परत. छोट्या गावांच्या थेटरांत ते पैसे वसूल करायचे. त्यामुळे त्या काळातला मिथुनचा कुठलाही पिक्चर लावलात आणि गुंड निलगिरीच्या झाडांमधून पळताना दिसले तर दचकू नका.

पण 'गुंडा' लावायच्या आधी बघणाऱ्यांना नीट सांगा की यात बायकांवरच्या अत्याचाराचे सीन आहेत, आणि ते यमकाच्या इतक्या शेजारी आहेत की हसता हसता माणूस एकदम गप्प होतो. ते गप्प होणं बरोबरच आहे, त्यावर कोणी "अरे चिल, कल्ट आहे" म्हणू नये. आईवडील, लहान पोरं, नवीन ओळखीचे लोक यांच्यासोबत हा पिक्चर नाही म्हणजे नाही.

घरातल्या सगळ्यांना घेऊन बसायचं असेल तर 'जानी दुश्मन: एक अनोखी कहानी', २००२. राजकुमार कोहली यांनी १९७६ला 'नागिन' काढून धो धो चालवला होता, सव्वीस वर्षांनी तोच इच्छाधारी फॉर्म्युला, या वेळी नाग म्हणून स्वतःचा मुलगा. बाकी कास्ट वाचा, सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला, अर्शद वारसी, आफताब, आणि चक्क सोनू निगम, गायला नाही, अ‍ॅक्टिंगला. मधल्या काळात इंग्लिश पिक्चरमध्ये हिरो हवेत थांबून गोळ्या चुकवायला लागले होते, ते सगळं या नागाला करून बघायचं होतं. इथे घरी एक खेळ करा, प्रत्येकाने एक एक स्टार वाटून घ्यायचा, ज्याचा स्टार आधी मरेल त्याने भांडी घासायची. पोरांना फार आवडतं.

आणि आता आपल्या घरचं. 'माहेरची साडी', १९९१, विजय कोंडके, अलका कुबल. हा पिक्चर वरच्या रांगेत बसतो का यावर भांडण होऊ शकतं, कारण हा थेटरात तुफान चालला आणि बायका डोळे पुसत बाहेर यायच्या, बी-ग्रेड वगैरे काही नाही. पण शहरात शिकलेला मराठी माणूस हा आवडतो म्हणून चारचौघांत सांगत नाही, म्हणून इथे घेतला. हा बघायची पद्धत पूर्ण उलटी आहे. मित्रांसोबत नको, आई, मावशी, आत्या यांच्यासोबत दुपारी बघा, आणि सासू छळायला लागली की तुम्ही मध्ये ज्ञान देऊ नका, त्या स्वतःच त्या सासूला अशा शिव्या घालतात की पिक्चरपेक्षा ते ऐकण्यासारखं असतं. आधीचा अर्धा तास मनातल्या मनात हसाल. नंतर घशात काहीतरी अडकतं, तेव्हा पाणी प्यायला उठायचं, सगळे तेच करतात.

हे सगळं पचलं की मालेगावकडे वळा. तिथे नासिर शेखने २०००च्या सुमाराला 'मालेगाव के शोले' काढला, गावातले लोक, पॉवरलूमवर राबणारे कामगार, सुट्टीच्या दिवशी शूटिंग. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला तेव्हा त्याच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' नावाची डॉक्युमेंटरी निघाली, फैजा अहमद खानची, ती आधी बघा. सायकलवर कॅमेरा ठेवून ट्रॉली शॉट घेतात, बैलगाडी उलटी वापरून तिची क्रेन करतात. ती बघितल्यावर पुढच्या वेळी एखाद्या पिक्चरमध्ये कॅमेरा हललेला दिसला की पहिला विचार येतो, याने कशावर बांधला असेल रे.

शेवटी प्रिंटचं. यूट्यूबवर हे बरेचसे पिक्चर सापडतात पण एकाच पिक्चरच्या पाच-सहा कॉपी असतात, कुठे गाणी कापलेली, कुठे वरून खालून फ्रेम छाटलेली, कुठे कॉपीराईट चुकवायला चेहरे डावे-उजवे केलेले. आधी लांबी बघा, जी सगळ्यात लांब ती लावा, आणि कंपनीच्या स्वतःच्या चॅनेलवर असेल तर तीच. रामसेंच्या पिक्चरला ब्राइटनेस थोडा वाढवा नाहीतर सामरी येतो कधी आणि जातो कधी काही दिसत नाही. आणि हेडफोन नको, स्पीकरच लावा, खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन "काय लावलंय रे एवढं" विचारतील तर त्यांना आत बोलवा, निम्म्या वेळा ते बसतात.