मुंबईहून आलेला आयफोन: अँड्रॉइडवरून बिऱ्हाड हलवताना

गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा पिशवीत लाडूंचा डबा, घरच्यांना कपडे आणि हल्ली एक जुना आयफोन असतो. मुलाने स्वतःला नवा घेतला, म्हणून जुना बाबांना. देवगड तालुक्यात माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं लहानसं दुकान आहे. गौरी-गणपती गेले, मुंबईच्या गाड्या परतल्या, की हे फोन एकेक करून माझ्या टेबलावर येतात. देणारा मुलगा तोवर पनवेलच्या पुढे पोचलेला असतो. पहिला प्रश्नही ठरलेला: "ह्येका बॅक खंय असा?"

बॅकचं, म्हणजे मागे जायच्या बटणाचं, सांगतो, पण ते सगळ्यात सोपं. लोकांना वाटतं की अँड्रॉइडवरच्या प्रत्येक ॲपला आयफोनमध्ये पर्याय शोधावा लागेल. तसं फारसं नसतं. व्हॉट्सॲप, यूट्यूब, गूगल मॅप्स, जीपे, फोनपे, डिजिलॉकर, रेल्वे तिकिटाचं रेलवन, हवामान खात्याचं मौसम, विजेचा इशारा देणारं दामिनी, वाऱ्यासाठी विंडी, ही सगळी ॲप स्टोअरवर त्याच नावाने आहेत. घोळ होतो तो तीन ठिकाणी: पासवर्ड, व्हॉट्सॲप आणि पैसे. म्हणून काम त्याच क्रमाने करू.

मुलगा घरात असतानाच करायचं

जुना आयफोन हातात आला की आधी त्याच्याच मालकाला बसवा. त्याने सेटिंग्ज, जनरल, ट्रान्सफर ऑर रिसेट आयफोन इथे जाऊन 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' करायचं. त्या वेळी त्याच्या ॲपल अकाउंटचा पासवर्ड विचारला जातो. तो टाकला नाही तर फोन पुसूनही त्याच्याच नावावर कुलूपबंद राहतो, आणि ते कुलूप माझ्या दुकानातच काय, मुंबईच्या दुकानातही कोणी सरळ मार्गाने काढून देणार नाही. मुलगा परत गेल्यावर हे लक्षात आलं, तर फोनवर ओटीपी मागत बसावं लागतं.

पुसण्याआधी सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघून घ्या. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरून चाला. आमच्याकडे घाटीखाली रेंज कमी, फोन सारखा टॉवर शोधत राहतो, आणि थकलेली बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. मॉडेलही विचारा. आयफोन ८ आणि एक्स आयओएस १६ च्या (आयओएस म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली) पुढे जात नाहीत. एक्सआर आणि एक्सएस १८ वर थांबलेत. असे फोन आज चालतात, पण त्यांचे दिवस मोजके. आणखी एक: आयफोन १४ पर्यंत चार्जिंगची पिन वेगळी आहे, १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, टाइप-सी आली. जुना असेल तर त्याची केबलही मागून घ्या. वाडीत दुसऱ्या कोणाकडे ती मिळणार नाही.

आपलं सामान कुठे आहे ते आधी बघा

आता अँड्रॉइड हातात घ्या. सेटिंग्जमध्ये गूगल अकाउंट उघडा आणि कोणता जीमेल आहे ते वाचा. निम्म्या लोकांना तो माहीतच नसतो. फोन घेतला तेव्हा दुकानदाराने काढून दिला, पासवर्ड त्यानेच टाकला, आणि तो कागद बिलाबरोबर गेला. फोन चालू आहे, लॉगइन शाबूत आहे, तोवरच पासवर्ड बदलून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आपलाच आहे ना, तेही बघा. हे दहा मिनिटांचं काम टाळलं, तर पुढचं सगळं अडतं.

मग कॉन्टॅक्ट्स. आमच्या तात्यांच्या फोनमध्ये 'आंबा डोंबिवली', 'आंबा कोथरूड दुसरा', 'पेटीवाला', 'खलाशी नवीन' असे सातशेच्या वर नंबर. काही सिमवर, काही फोनवर, काही गूगलवर. नवा फोन हातात घेऊन ते ओरडले, "माजे नंबर खंय गेले?" नंबर कुठेच गेले नव्हते, जुन्या फोनच्या पोटात होते. कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये जाऊन फोनवरचे आणि सिमवरचे नंबर गूगल अकाउंटमध्ये हलवा. नंतर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये तेच गूगल अकाउंट जोडून कॉन्टॅक्ट्सचं बटण सुरू केलं की सगळे तिथे उतरतात.

फोटो गूगल फोटोजमध्ये असतील तर ते हलवायची गरजच नाही. आयफोनवर ते ॲप घ्या, लॉगइन करा, फोटो समोर. गूगल १५ जीबी जागा फुकट देतं, ॲपलचं आयक्लाउड फक्त ५. एवढ्यासाठी तरी मी लोकांना सांगतो, आयफोन घेतलात तरी फोटो गूगलवरच राहू द्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवलेला इथे चालतो.

हलवण्याचा दिवस

लाइट जाणार नाही असा दिवस निवडा. हसू नका, मे महिन्यातल्या वळवाच्या दिवशी मी हे काम अर्ध्यात सोडलेलं आहे.

अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमधून ॲपलचंच 'मूव्ह टू आयओएस' घ्या. पण त्याआधी व्हॉट्सॲपची साफसफाई करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. तात्यांचं व्हॉट्सॲप ११ जीबी भरलं होतं, आणि त्यातलं बरंचसं 'शुभ सकाळ' होतं. ग्रुपवर पन्नास वेळा फिरलेले व्हिडिओ काढले आणि चार जीबीवर आलं. मेमरी कार्डवरचे फोटो धरून सगळं आयफोनमध्ये मावेल का, तेही पाहा. ६४ जीबीचा आयफोन असेल तर हा हिशेब आधीच करा.

आता दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवा आणि वायफाय चालू ठेवा. पुसलेला आयफोन सुरू करा. भाषा, देश विचारून झाल्यावर माहिती कुठून आणायची असं विचारतो, तिथे 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडा. आयफोनवर एक कोड येतो, तो अँड्रॉइडवर मूव्ह टू आयओएसमध्ये टाका. आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय उभं करतो आणि दोघं त्यावरून बोलतात, त्यामुळे घरचं नेट मंद असलं तरी या भागाला अडचण येत नाही. काय न्यायचं त्याची यादी येईल. तीत व्हॉट्सॲपवर टिक करा, स्टार्ट दाबा, मग पुढे चला. पट्टी पुरी भरेपर्यंत अँड्रॉइडवर दुसरं काही उघडू नका, फोन आला तरी घेऊ नका. मध्येच तुटलं तर अँड्रॉइडचा मोबाइल डेटा बंद करून पुन्हा करा.

झाल्यावर आयफोनवर व्हॉट्सॲप घ्या आणि त्याच नंबराने उघडा. जुने संदेश आणायचे का असं विचारेल, हो म्हणा.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्यांदा तात्यांचा फोन लावताना मी घाईत होतो. अँड्रॉइडवरून आणायचं ते नंतर बघू म्हणून तो टप्पा टाळला, सिम घातलं, व्हॉट्सॲप घेतलं आणि नंबर टाकला. उघडलं तर कोरं. सहा वर्षांच्या आंब्याच्या ऑर्डरी, पत्ते, कोणाला किती डझन, सगळं त्यात होतं. तात्या काही बोलले नाहीत, नुसते ओटीवर जाऊन बसले. गूगल ड्राइव्हवर बॅकअप होता, पण अँड्रॉइडचा तो बॅकअप आयफोनमध्ये उतरत नाही. नशिबाने जुन्या फोनमधलं व्हॉट्सॲप मी काढलेलं नव्हतं. सिम परत तिकडे घालून लॉगइन केलं, सगळं जागेवर. मग आयफोन पुन्हा पुसला आणि शहाण्यासारखं पहिल्यापासून केलं. तेव्हा व्हॉट्सॲप फक्त कोऱ्या किंवा पुसलेल्या आयफोनवर, सुरुवातीलाच आणा, आणि जुन्या फोनमधलं काहीही काढू नका.

पैशाची ॲप्स

यूपीआय सिमला बांधलेलं असतं. सिम आयफोनमध्ये गेलं की तिथे नव्याने नोंदणी. अँड्रॉइड मेसेज आपोआप पाठवतो. आयफोन तसं करत नाही, मेसेजचं पान उघडून समोर धरतो आणि पाठवायचं बटण तुम्हीच दाबायचं असतं. त्या मेसेजमध्ये अगम्य अक्षरं असतात, ती बदलू नका. बरेच लोक इथेच घाबरून मागे फिरतात. रिचार्जमध्ये बाहेर जाणारे एसएमएस आहेत ना ते आधी बघा, आणि दोन सिमं असतील तर बँकेत असलेल्या नंबरावरूनच तो मेसेज जाऊ द्या. यूपीआय पिन जुनाच चालतो. विसरला असाल तर डेबिट कार्ड जवळ ठेवा.

नव्या फोनवर सुरुवातीला मोठी रक्कम जात नाही, ही फसवणूक टाळण्यासाठीची सोय आहे. म्हणून आंब्याच्या हंगामात, मजुरांचा पगार द्यायच्या आठवड्यात किंवा गाडीभाडं चुकवायच्या दिवशी फोन बदलू नका. जून-जुलैत बदला. समुद्रावरच्यांनाही तेच सोयीचं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते.

दोन सिमांचं आणखी एक. बहुतेक आयफोनमध्ये एकच सिम बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाविना चालणारं सिम, करून घ्यावं लागतं. धंद्याचा नंबर वेगळा असेल तर त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा. अँड्रॉइडसारखी एकाच ॲपची जुळी प्रत आयफोनवर काढता येत नाही.

हात बसायला आठ दिवस

बॅक: पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत ओढा. बहुतेक ठिकाणी चालतं. नाही चाललं तर वर डावीकडे बाण असतो. बोटाच्या ठशाचं बटण नसलेल्या आयफोनवर टॉर्च कुलूपबंद पडद्यावरच असते, पण नुसतं टेकून लागत नाही, दाबून धरावी लागते. मराठी टाइप करायला सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स इथे 'ॲड न्यू कीबोर्ड' करून मराठी घ्या, मग गोलाच्या चिन्हावर टेकून भाषा बदलते.

मासळी कापून आलेल्या ओल्या बोटाला बोटाचा ठसा लागत नाही, ही तक्रार मला मच्छीमार बायकांकडून कळली. बोटाच्या ठशाचं बटण असलेला जुना आयफोन असेल तर त्यांनी सरळ आकडे टाकावेत. आणि पाण्याला टिकतो म्हणून फोन खाडीत बुडवून दाखवू नका. ती खात्री गोड्या पाण्याची असते. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

सरकारी फॉर्मला फोटो चढवताना 'फाइल चालत नाही' असं आलं तर दोष तुमचा नाही. आयफोन एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो काढतो. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की पुढचे फोटो जेपीजी येतात.

जे तसंच्या तसं मिळत नाही

मेमरी कार्ड. आयफोनला जागाच नाही. तात्यांची डबलबारीची (भजनांच्या जुगलबंदीची) आणि दशावताराची रेकॉर्डिंगं कार्डावर होती, आणि गाणी मूव्ह टू आयओएस आणत नाही. त्यासाठी व्हीएलसी हे गाणी-व्हिडिओ वाजवायचं ॲप आयफोनवर घ्या. त्यात वायफाय शेअरिंग सुरू केलं की एक पत्ता दिसतो. त्याच वायफायवरच्या जुन्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, फाइली निवडा, त्या आयफोनमध्ये उतरतात. आम्ही एका दुपारी तीनशे फाइली नेल्या.

फोनमधला एफएम रेडिओही नाही. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर ॲप आहे, पण ते नेटवर चालतं. २०२० च्या निसर्ग वादळात आणि २०२१ च्या तौक्तेत रेंजच गेली होती. तेव्हा सेलवरचा लहान रेडिओ फडताळात असू द्या.

शेजाऱ्याच्या अँड्रॉइडला थेट फाइल पाठवायला आयफोनमधल्या एअरड्रॉपच्या भरवशावर राहू नका, लोकलसेंड हे ॲप दोन्हीकडे घ्या. ते फुकट आहे. आयओएस २६ च्या आधीच्या फोनवर आरतीची रिंगटोन लावायला मात्र ॲपलच्या गॅरेजबँड ॲपमधून जावं लागतं, आणि ते उपद्व्याप मी आता पन्नास रुपये घेऊन करतो. प्ले स्टोअरवर पैसे देऊन घेतलेली ॲप्स पुन्हा विकत घ्यावी लागतात. प्ले स्टोअरबाहेरून, लिंकवरून टाकलेली ॲप्स आयफोनवर येतच नाहीत. सरकारी ॲप दोन्हीकडे असेलच असं धरू नका. ई-पीक पाहणी असो की आणखी काही, सिम हलवण्याआधी आयफोनच्या ॲप स्टोअरमध्ये नाव टाकून बघा.

उलट दिशेने, म्हणजे आयफोनवरून अँड्रॉइडला जाणारे कमी, पण येतात. त्यांनी सिम काढण्याआधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयमेसेज, म्हणजे आयफोनवाल्यांची आपसातली मेसेजची सोय, बंद करायचं. विसरलात तर मुंबईच्या आयफोनवाल्या नातेवाइकांचे मेसेज तुमच्यापर्यंत पोचायचेच बंद होतात. व्हॉट्सॲप इथे दोन फोनांमध्ये केबल लावून, नवा अँड्रॉइड पहिल्यांदा सुरू करतानाच आणायचं असतं.

जुना फोन महिनाभर तरी पुसू नका. तात्यांचा अजून पुसलेला नाही. दोन हंगाम झाले, तो वायफायवर पडवीत खुंटीला लटकतो, आणि संध्याकाळी दिवाबत्तीला त्यावर त्या कार्डावरचीच भजनं लागतात. आयफोनमध्ये नेलेल्या तीनशे फाइली त्यांनी एकदाही उघडलेल्या नाहीत.