विद्यार्थी व्हिसा नाकारला गेला? पुन्हा अर्ज करताना या चुका टाळा

नकार आल्यावर सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे तीच फाइल आठवडाभरात पुन्हा भरणे. फी नवी आणि कागद जुने असले, तर अधिकाऱ्यापुढे आधीचा निर्णय असतोच आणि तो बदलायला त्याला काही कारण मिळत नाही. एजंटने कितीही घाई केली तरी आधी नकाराचं पत्र शब्दशः वाचा.

कारण न समजताच अर्ज करणे

कॅनडाच्या पत्रात बहुतेक वेळा ठरावीक वाक्यं असतात: पैसे पुरेसे वाटत नाहीत, अभ्यासक्रमाचा हेतू पटत नाही, शिक्षण संपल्यावर परत जाल याची खात्री नाही. जुलै 2025 पासून काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदीही येतात. त्या आल्या नसतील तर कॅनडातल्या प्रतिनिधीमार्फत 5 डॉलर भरून मागवता येतात. थोडे दिवस थांबावं लागलं तरी चालेल, त्या मागवाच. नेमकं कुठे अडलं हे त्यातच कळतं.

अमेरिकेचं वेगळं आहे. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होऊन 214(बी) खाली, म्हणजे शिक्षण संपवून परत याल हे पटलं नाही म्हणून, नकार आला, तर फक्त कागदांची जाडी वाढवून उपयोग नाही. हाच कोर्स का, पुढे काय करणार, खर्च कोण उचलणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. 221(जी) ची, म्हणजे निर्णय तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली असेल तर मात्र नवा अर्ज करू नका. बऱ्याचदा फक्त एखादा कागद हवा असतो, तो मुदतीत द्या.

पैशांचा हिशेब अर्धवट ठेवणे

आपल्या गोव्यातल्या मुलांच्या फाइली इथेच अडकतात, असं माझं ठाम मत आहे. 1-14 चा उतारा (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) आणि घराचं मूल्यांकन जोडलं की काम झालं, असं घरच्यांना वाटतं. पण उताऱ्यावर काका, आत्या, चुलतभाऊ सगळ्यांची नावं असतात आणि आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कायदेशीर वाटणी, झालेलीच नसते. त्यातला वडिलांचा हिस्सा किती, हे अधिकाऱ्याने कसं ठरवावं? ब्रिटन तर जमीन, घर धरतच नाही. तिथे खात्यातली रक्कम सलग 28 दिवस ठरलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये, आणि त्या 28 दिवसांची अखेर अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांत यावी लागते. एक दिवस शिल्लक कमी झाली तरी नकार येऊ शकतो.

वडील जहाजावर असतील तर आणखी एक गाठ. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलेले जहाजी सामान्यतः अनिवासी ठरतात आणि एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात आलेल्या त्यांच्या परदेशी पगारावर इथे आयकर लागत नाही. त्यामुळे रिटर्नवर उत्पन्न नगण्य आणि खात्यात लाखो रुपये, असं चित्र दिसतं. हे कायदेशीर आहे, पण परक्या अधिकाऱ्याला ते आपोआप कळणार नाही. कंत्राटं, सीडीसी (जहाजीचं नोंदपुस्तक), पगाराच्या पावत्या आणि खात्याचा उतारा लावून एका पानाचं स्पष्टीकरण द्या. अर्जाच्या तोंडावर मामाने टाकलेली मोठी रक्कम असेल तर तीही कुठून आली ते लिहा. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर मंजुरीचं पत्र हाती आल्यावरच अर्ज करा, "मिळणार आहे" याला किंमत नाही.

आडनावाचं स्पेलिंगही तपासा. पोर्तुगीज काळातल्या कागदावर नाईकच्या शेवटी 'क्यूयूई' असतं, पासपोर्टवर नुसतं 'के'. ब्रिटनसाठी वडिलांचं खातं दाखवताना जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. त्यामुळे दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

आधीचा नकार लपवणे

"कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का?" असं विचारलं असेल तर खरं तेच लिहा, एजंट काहीही म्हणो. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका एकमेकांशी बोटांच्या ठशांची माहिती ताडून पाहतात. खोटी माहिती सिद्ध झाली तर कॅनडा 5 वर्षं दार बंद करतो, ब्रिटन 10 वर्षांपर्यंत. साध्या नकाराने अशी बंदी येत नाही. फॉर्म एजंटने भरला तरी जबाबदारी तुमचीच, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा.

जुन्या सल्ल्यावर चालणे

जर्मनीने नकाराविरुद्ध वकिलातीकडेच दाद मागायची सोय 1 जुलै 2025 पासून बंद केली. आता नवा अर्ज करायचा किंवा तिथल्या न्यायालयात जायचं. कॅनडाची एसडीएस ही जलद योजना 8 नोव्हेंबर 2024 ला संपली. शेजारचा मुलगा ज्या वाटेने गेला, ती आज उघडी असेलच असं नाही. ब्रिटनमध्ये अधिकाऱ्याचीच चूक झाली असेल तर 28 दिवसांत फेरतपासणी मागता येते, पण तिथे साधारणपणे नवे कागद बघत नाहीत. कागद कमी पडले असतील तर नवा अर्जच बरा, आणि त्यासाठी विद्यापीठाकडून नवं सीएएस (प्रवेश पक्का असल्याची व्हिसासाठीची नोंद) घ्यावं लागतं.

वेळ कमी असेल तर विद्यापीठाला आजच ईमेल करा आणि प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, भरलेली फी तिकडे वळते होईल का, हे लेखी विचारून घ्या. त्यांचं उत्तर आल्यावरच नव्या अर्जाची तारीख ठरवा.