अँटिबॉडी वाढल्या, सूज मात्र तशीच

परजीवींविरुद्धच्या लशींवर काम करायला आले तेव्हा अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे लशीचा जोर वाढवणारा पदार्थ, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या प्रयोगात लेश्मानिया या परजीवीचं एक प्रथिन अ‍ॅलम या अ‍ॅल्युमिनियम क्षारांच्या अ‍ॅडज्युव्हंटमध्ये मिसळून बाल्ब-सी जातीच्या उंदरांना टोचलं. एलायझाचे, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीचे, आकडे पाहून मी हरखून गेले. मग तळपायात जिवंत परजीवी टोचले आणि दर आठवड्याला कॅलिपरने सूज मोजत राहिले. लस दिलेल्या आणि नुसतं सलाइन दिलेल्या उंदरांत काही फरकच नव्हता. फार वाईट वाटलं.

लेश्मानिया मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींच्या आत राहतो, तिथे अँटिबॉडी पोहोचत नाहीत. त्याला मारायला इंटरफेरॉन गॅमा हे मॅक्रोफेजला चेतवणारं प्रथिन सोडणाऱ्या टीएच-१ (एका प्रकारच्या मदतनीस टी) पेशी लागतात आणि अ‍ॅलम उंदरांना नेमकं उलट, अँटिबॉडी वाढवणाऱ्या टीएच-२ पेशींकडे ढकलतं. त्यामुळे आधी परजीवी कुठे राहतो ते पाहा, अ‍ॅडज्युव्हंट त्यानंतर निवडा. मलेरियाच्या आरटीएस,एस लशीचं उदाहरण मी प्रत्येक नवीन विद्यार्थ्याला सांगते. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रथिन तेच होतं, अ‍ॅडज्युव्हंट वेगवेगळे. अ‍ॅलम आणि एमपीएल (जिवाणूच्या आवरणापासून बनवलेला अ‍ॅडज्युव्हंट) दिलेल्या गटात 8 पैकी 7 स्वयंसेवकांना मलेरिया झाला. तेल-पाण्याच्या इमल्शनमध्ये एमपीएल आणि क्यूएस-21 (झाडाच्या सालीतला अ‍ॅडज्युव्हंट) घातलेल्या गटात 7 पैकी फक्त एकाला.

गट पाडताना कंजूषी करू नका: सलाइन, नुसतं प्रथिन, नुसतं अ‍ॅडज्युव्हंट आणि दोन्ही मिळून. नुसत्या अ‍ॅडज्युव्हंटचा गट वगळायचा मोह होतो, पण काही अ‍ॅडज्युव्हंट जन्मजात प्रतिकारशक्ती जागी करून थोडा काळ परजीवी रोखतात आणि ते श्रेय चुकून लशीला जातं.

ई. कोलाय जिवाणूत बनवलेल्या प्रथिनातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूच्या आवरणाचा उरलेला अंश, तर मोजलंच पाहिजे. ते जंतू ओळखणारा टीएलआर-4 हा पेशींवरचा ग्राही चेतवतं, म्हणजे स्वतःच अ‍ॅडज्युव्हंटसारखं वागतं. आमचा एक सुंदर दिसणारा निकाल प्रथिन स्वच्छ केल्यावर नाहीसा झाला. तीन महिने गेले.

आणखी एक. सी-57 ब्लॅक-6 जातीच्या उंदरांत आयजीजी-2ए (टीएच-१ प्रतिसादाची खूण असलेली अँटिबॉडी) शोधत बसू नका. त्यांच्यात त्या जागी आयजीजी-2सी असतं. किट मागवण्याआधी हे तपासा. आणि अ‍ॅलमची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलं की कण एकमेकांना चिकटतात, मग कितीही हलवलं तरी ते पूर्ववत होत नाही.