रीफ टँकचा खारेपणा ३८ वरून ३५ वर (माझा अनुभव)

जिवंत कोरलची (प्रवाळांची) ४०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, म्हणजे रीफ टँक, खाली संप (पंप वगैरे ठेवायची जोडटाकी), उन्हाळ्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला दोन पंखे. आठवडाभरात कोरल मिटले, रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३८ पीपीटी (हजारात ३८ भाग मीठ) दाखवू लागला. हवे ३५.

कारण साधं. पंखे पाण्याची वाफ करूनच टाकी गार करतात, आणि उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. रोज ८ लिटर उडाले तर तीन दिवसांत ३५ चे ३७ च्या वर जातात. त्यात भर मिठाच्या पाण्याने घातली की झालंच! भर नेहमी आरओ-डीआयच्या (क्षार काढून शुद्ध केलेल्या) गोड्या पाण्याची, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य.

आधी रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवला. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर विसंबू नका, काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा चढा येतो. मग रोज साधारण ११ लिटर खारं पाणी काढून तेवढंच गोडं, संपमध्ये हळूहळू सोडलं. तीन दिवसांत ३५. दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त उतरवू नये, कोरल सोसत नाहीत.

कायमचा उपाय म्हणजे ऑटो टॉप-ऑफ: पातळी उतरली की सेन्सरच्या इशाऱ्यावर कॅनमधलं गोडं पाणी आपोआप भरणारा पंप. सेन्सर संपमधल्या रिटर्न पंपाच्या (पाणी परत टाकीत चढवणाऱ्या) कप्प्यातच लावा, पातळी तिथेच उतरते. पाण्याचा कॅन २५ लिटरचाच बरा: सेन्सरवर गोगलगाय बसून पंप चालूच राहिला तरी नुकसान मर्यादित. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे पंखे फारसे उपयोगी पडत नाहीत. तिथे चिलरच (पाणी गार करायचं यंत्र) लागतो.